नाटक फाट्यावरून गेलं, पद गावात उतरलं

कार्तिकातली पहाट. वडनेर भोलजीच्या देवळात काकडा चाललाय. टाळकरी कानटोप्या ओढून भिंतीला टेकलेत. मृदंगाच्या धुमेला ओली कणीक थापून झाली आहे. पेटीवाला डाव्या हातानं भाता हलवत उजव्या हातानं सूर चाचपतोय. बुवा घसा खाकरून म्हणतात, ‘काळी दोन’, आणि तुकोबांचा एक अभंग उचलतात. शब्द ओळखीचे, पण चाल ऐकून मी सावरून बसलो. ती ‘सौभद्र’ नाटकातल्या एका पदाची चाल होती. ताना गेलेल्या, नाजूक मुरक्या घासून गुळगुळीत झालेल्या, आणि भजनी ठेक्यात बसावी म्हणून मात्रांची थोडी ओढाताण केलेली. पण मूळ सांगाडा जसाच्या तसा.

चहाच्या वेळी बुवांना विचारलं, ही चाल कुठली? ते सहज म्हणाले, ‘नाटकातली हाये थे. माह्या बापानं रेडूवर आयकली व्हती.’ कोणतं नाटक, कोणाचं, कधीचं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बापाकडून चाल आली, तशी चालली आहे.

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातलं गाव. मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालं की धुळे-नागपूर महामार्गावर लागतं. हा रस्ता पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न नंबरचा आहे. नाट्यगृह नाही, असण्याचं कारणही नाही. तरी पुण्याच्या रंगमंचावर १८८२ साली पहिल्यांदा आलेल्या नाटकाची चाल इथल्या काकड्यात मुरून बसली आहे. ती इथपर्यंत आली कशी, याचा हा मागोवा.

जगात आज गाजलेलं संगीत नाटक म्हटलं की आकडे पुढे येतात. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ न्यूयॉर्कमध्ये १९८८ च्या जानेवारीत सुरू झालं आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये थांबलं. मधल्या पस्तीस वर्षांत एकाच नाट्यगृहात १३,९८१ प्रयोग. जगभर ते पाहिलेल्यांची संख्या चौदा कोटींच्या वर सांगतात. मुंबईतही आता हा प्रकार मूळ थाटात येऊ लागला आहे. वांद्र्याच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये २०२३ च्या मे महिन्यात ‘द साउंड ऑफ म्युझिक’ झालं, तेव्हा तिथं जाऊन आलेला आमचा एक नातेवाईक पडद्यामागच्या यंत्रांचंच वर्णन तासभर करत होता. गाणी कशी होती, असं विचारल्यावर म्हणाला, ‘ती तर माहीतच होती.’

त्याचं हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं. माहीत असलेली गाणी ऐकायला माणूस हजारो रुपयांचं तिकीट काढतो, यातच या प्रकाराचं सगळं गुपित आहे. आणि ते गुपित फार जुनं आहे. लंडनमध्ये १७२८ साली जॉन गेनं ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आणलं. त्यात त्यानं नव्या चाली बांधण्याच्या फंदात न पडता रस्त्यावर, गुत्त्यात, जत्रेत गायल्या जाणाऱ्या चाली उचलल्या आणि त्यांवर आपले शब्द बसवले. पहिल्याच हंगामात त्याचे बासष्ट प्रयोग झाले, आणि त्या काळी तो विक्रम होता. चाल लोकांचीच, फक्त तिला रंगमंचाचा उजेड मिळाला.

आपल्याकडे याची पहिली पायरी सांगलीची. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीकर पटवर्धनांच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ केलं. कर्नाटकातून आलेल्या एका मंडळीचे खेळ पाहून राजेसाहेबांनी असं काही मराठीत होऊ दे म्हटलं, त्यातून ते झालं. पण भाव्यांच्या खेळात गायचा तो एकटा सूत्रधार. तो टाळ-मृदंगाच्या साथीनं मागे उभा राहून पदं म्हणायचा, आणि राम, सीता, राक्षस आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे. राक्षस ‘अलल्डुर्र’ ओरडत यायचे म्हणून पुढे शहाण्या लोकांनी या खेळांना अललडुर नाटकं म्हणून हिणवलं. मला ते हिणवणं नेहमी अन्यायाचं वाटतं. कीर्तनकाराला देवळातून उचलून रंगमंचावर उभं करण्याचं काम या माणसानं केलं, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

पुढचं म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर हे बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे, रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला. पुण्यात पारशी कंपनीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून आल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की हे मराठीत का नसावं. ‘इंद्रसभा’ मुळात लखनौच्या अमानतची उर्दू रचना. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या कुळात एक आजी लखनवी आहे, हे आपण सोयीनं विसरतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. गोष्ट कालिदासाची, पण सूत्रधाराच्या तोंडचं गाणं काढून पात्रांच्या गळ्यात घातलं होतं. दुष्यंत स्वतः गाणार, कण्व स्वतः गाणार. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे खरे गाणारे नट उभे राहिले. आणि पदं किती? दोनशेवर!

एवढी पदं एका रात्रीत ऐकणं आज कोणाला झेपेल असं वाटत नाही. पण तेव्हा ती झेपली, कारण त्यातली बरीचशी चालींनी ओळखीची होती. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही सगळी वृत्तं कीर्तनात आणि आख्यानात लोकांनी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेली. काही चाली लावण्यांच्या होत्या, तर काही कानडी मुलुखातून आलेल्या. जॉन गेचं नावही ऐकलं नसेल अशा किर्लोस्करांनी त्याचीच युक्ती केली. नवीन गोष्ट ओळखीच्या चालीवर दिली की ती घशाखाली उतरते. माझ्या आजीची कडू औषधावर गुळाचा खडा द्यायची पद्धत हीच होती.

दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं, आणि त्यात पदं कमी व जास्त घोटीव झाली. अर्जुन, सुभद्रा, बलराम आणि सगळ्यांना नाचवणारा कृष्ण. घरातलं लग्न जमवण्याची गोष्ट असल्यामुळे ते प्रत्येकाला आपल्या घरचं वाटलं. १८८५ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी किर्लोस्कर गेले. ‘रामराज्यवियोग’ अर्धं राहिलं, पण ‘सौभद्र’ आजही कुठल्या ना कुठल्या गावात उभं राहतं.

आता गाडी वऱ्हाडाकडे वळवतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. जीआयपी रेल्वे याच कापसाच्या वासावर भुसावळहून पूर्वेकडे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वाटेत मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला. खामगावला तर कापसासाठी १८७० मध्ये जलंबहून वेगळा फाटा काढला आणि तो व्हाइसरॉयच्या हस्ते उघडला गेला. तीच यादवी संपल्यावर, १८६६ च्या सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कच्या निब्लोज गार्डनमध्ये ‘द ब्लॅक क्रूक’ नावाचं साडेपाच तासांचं अगडबंब प्रकरण उभं राहिलं. पॅरिसहून आलेल्या नर्तकींचं नाट्यगृह जळून गेलं, त्या उघड्यावर पडल्या, म्हणून त्यांना एका भुताखेताच्या नाटकात घुसवलं आणि मध्ये गाणी पेरली. ४७४ प्रयोग झाले. अमेरिकन लोक आपल्या संगीत नाटकाची वंशावळ तिथून मांडतात. एका युद्धानं तिकडे नाट्यगृहांना गर्दी दिली आणि इकडे वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याच्या कनवटीला रुपया.

रुपया आणि रेल्वे असली की नाटक कंपनी आलीच. कापूस विकून झाला, हातात पैसा खेळू लागला की वऱ्हाड-नागपूरकडे मंडळ्यांचे मुक्काम पडायचे. अमरावती, अकोला, नागपूर ही मोठी ठिकाणं. पडदे, ट्रंका, पेट्या, आचारी, बिऱ्हाडं असं सगळं लटांबर रेल्वेच्या डब्यात भरून निघायचं. वडनेरच्या माणसाला हे पाहायचं तर बैलगाडी जुंपून नांदुरा किंवा मलकापूर स्टेशन गाठायचं, तिथून रेल्वे आणि वर तिकिटाचे पैसे. शंभरात एखादा जात असेल. जो जाई तो परत आल्यावर महिनाभर पारावर गाजे, आणि न पाहिलेल्या नव्व्याण्णवांना नाटक त्याच्या तोंडून कळे. जगातल्या कुठल्याच हिशेबात हा प्रेक्षक मोजला जात नाही.

त्या एकानं तिथं काय पाहिलं असेल? तर वन्समोर. पद संपलं की पिटातून आरोळी उठायची आणि नट पुन्हा गायचा, दोनदा, तीनदा. नाटकात कोणी मरणपंथाला लागलेलं असलं तरी उठून गायचं. शब्द इंग्रजी, पण इंग्रज प्रेक्षक असं ओरडत नाही. तो फ्रेंच शब्द वापरून ‘आँकोर’ म्हणतो. आणि फ्रेंच प्रेक्षकाला पुन्हा हवं असेल तर तो लॅटिन ‘बिस’ ओरडतो. आवडलं म्हणून ओरडायचं तर जगात प्रत्येकाला शेजाऱ्याचाच शब्द लागतो, हे मला फार गमतीचं वाटतं. आपण तर उसना शब्द इतका पचवला की ‘वन्समोर घेतला’, ‘वन्समोर पडला’ असं त्याला मराठी क्रियापद जोडून टाकलं.

या वन्समोरांचा पहिला मोठा धनी भाऊराव कोल्हटकर. बडोद्याचा हा मुलगा १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आला, शकुंतला झाला, सुभद्रा झाला, लोकांनी त्याला लाडानं भावड्या म्हटलं. त्याचा आवाज कसा होता, हे जुन्या पुस्तकांत पानंच्या पानं लिहिलेलं आहे, पण ऐकता येत नाही. तो १९०१ च्या फेब्रुवारीत वारला. ग्रामोफोन कंपनीच्या गायस्बर्गनं हिंदुस्थानातली पहिली ध्वनिमुद्रणं कलकत्त्यात केली ती १९०२ च्या नोव्हेंबरात. जेमतेम पावणेदोन वर्षांची चुकामूक. तेवढ्यानं मराठी रंगभूमीचा सर्वात गाजलेला गळा कायमचा गेला.

इथं पश्चिमेची आणि आपली वाट फुटते, असं मला दिसतं. ‘शाकुंतल’च्या सुमारे अडीच वर्षं आधी लंडनमध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचं ‘एच. एम. एस. पिनाफोर’ आलं. अमेरिकेत त्याच्या चोरट्या कंपन्या इतक्या निघाल्या की पुढचं ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ त्यांनी १८७९ च्या अखेरीस थेट न्यूयॉर्कमध्येच उघडलं, हक्क तरी हातात राहावेत म्हणून. त्या चोरांना चोरता आलं, कारण सगळं कागदावर होतं. स्वर लिहिलेले, वाद्यांची साथ लिहिलेली. कोणीही नट घ्यावा, कोणीही वादक घ्यावा. हीच वाट पुढे १९८१ च्या ‘कॅट्स’पर्यंत आली आणि तिथं तिचा कारखाना झाला. तोच नेपथ्याचा नकाशा, तोच वेश, तीच हालचाल, फक्त शहर नवं. आपल्या पदाला मात्र कागदावर चालीचं आणि रागाचं नाव तेवढं असे. बाकी सगळं गाणाऱ्याच्या गळ्यात, आणि तेही रोज वेगळं. नाटक पाहायला जायचं म्हणजे अमक्याची सुभद्रा ऐकायला जायचं. गळा गेला की नाटक जायचं नाही, पण त्याची ऐट जायची. जगभर फिरवता येईल असा माल हा नव्हेच.

म्हणूनच बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत शिरले तेव्हा कंपनीला भाऊरावांची पोकळी जाणवत होती. १२ मार्च १९११ ला खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला. याबद्दल कौतुक लिहायची पद्धत आहे, मी ते कधी करू शकलो नाही. ते वाचताना प्रत्येक वेळी घरातल्या आईचा विचार येतो, जी कोणत्याच आठवणीत दिसत नाही.

‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, आणि त्या उत्तरेच्या ठुमरी-कजरीच्या अंगानं. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी भारदस्त रागदारी दिली. म्हणजे किर्लोस्करांनी देवळातलं आणि फडातलं आणलं होतं, तिथं आता कोठीवरचं आणि दरबारातलं आलं. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. भरजरी शालू खरे, अत्तर खरं, आणि कर्जही खरं. १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याला ‘एकच प्याला’ आलं. ते पाहायला नाटककार नव्हता. राम गणेश गडकरी महिनाभर आधी आमच्या विदर्भातच, नागपूरजवळच्या सावनेरला वारले होते.

८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. टिळक स्वराज्य फंडासाठीचा तो संयुक्त प्रयोग. ज्यांनी तो पाहिला त्यांनी आयुष्यभर सांगितला. तीन महिन्यांत केशवराव गेले. पुन्हा तोच हिशेब: दोन गळे, एक रात्र, आणि नक्कल नाही.

नक्कल नाही म्हणालो, पण तबकडी होती. ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. रंगमंचावर वन्समोर धरून अर्धा तास चालणारं पद त्या चिमट्यात बसवायचं, तर आलाप छाटायचे, मुखडा लवकर घ्यायचा, दोन ताना आणि परत मुखडा. जाणकार हळहळले. पण वडनेरच्या दृष्टीनं पाहिलं तर खरी क्रांती हीच. छाटलेलं पद हलकं झालं, नाटकापासून सुटं झालं. कोण सुभद्रा, कोणाशी लग्न, काही माहीत नसलं तरी चाललं. सुपारीच्या खांडासारखं खिशात बसू लागलं. चावीचा ग्रामोफोन एखाद्या सावकाराच्या वाड्यात आला की ओसरीवर निम्मं गाव गोळा व्हायचं, आणि त्यात भजनी मंडळाचा पेटीवाला असायचाच. त्याला नाटक नको होतं. त्याला चाल हवी होती.

नाटकाचे दिवस फिरले ते बोलपटानं. १९३१ ला ‘आलम आरा’, १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’, आणि त्यात हरिश्चंद्र झाले ‘मानापमान’चे तेच गोविंदराव टेंबे. १९३५ मध्ये बालगंधर्व स्वतः ‘धर्मात्मा’त एकनाथ म्हणून पुरुषवेषात पडद्यावर आले. शालूशिवायचे बालगंधर्व लोकांच्या पचनी पडले नाहीत. कंपन्या मोडल्या, नाट्यगृहांची चित्रपटगृहं झाली. १९४८ मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. ट्रान्झिस्टर स्वस्त झाले तसा तो आवाज गावोगावच्या कोनाड्यात जाऊन बसला. तबकडीवरची छाटलेली पदं आता फुकट, रोज, घरबसल्या. बुवांच्या बापानं ऐकलेला ‘रेडू’ तो हाच.

आणि वडनेरला रंगमंचावरचं संगीत नाटक कधीच आलं नाही, असं म्हणणं धादांत खोटं ठरेल. ते आलं, दर वर्षी येत होतं, फक्त त्याला आपण नाटक म्हणत नव्हतो. यात्रेला तंबूचा तमाशा यायचा. ट्रकमधून कनाती, खांब, जनरेटर, शे-सव्वाशे माणसं. आधी गण, मग गवळण, बतावणी, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. गाणं, नाच, गोष्ट, विनोद, वाद्यमेळ, तिकीट. जगातल्या कोणत्याही व्याख्येनं हे संगीत नाटक आहे. पण पुस्तकांत ते वेगळ्या फडताळात ठेवलेलं असतं, खालच्या. त्याचं कारण गाण्यात शोधू नये, जातीत शोधावं. गाणारे-नाचणारे कोणत्या घरांतून येत होते, ते पाहिलं की फडताळं का दोन झाली ते कळतं.

या धंद्याचं वेळापत्रक कोणत्याही परदेशी निर्मात्याला लाजवेल इतकं पक्कं आहे. दसऱ्याला फड बाहेर पडायचा, उन्हाळ्यातल्या यात्रा संपल्या की परतायचा. पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथं जाऊन यात्रेची सुपारी देतात. कोणत्या फडात कोण नवीन आलंय, वग कोणता, ढोलकीवाला कोण, याची चौकशी करून मग आकडा. मी पाहिलेल्या तमाशात वन्समोर कोणी म्हणत नसे. तिथं शिट्टी होती, टोपी उडत होती, नोटेबरोबर फर्माइश वर जात होती. एकदा वग ऐन रंगात असताना जनरेटर बंद पडला. तंबूत मिट्ट काळोख. ढोलकीवाला थांबला नाही. अंधारात पंधरा-वीस मिनिटं नुसती ढोलकी आणि तुणतुणं चाललं, आणि दोन हजार माणसं जागेवरून हलली नाहीत. उजेड आला तेव्हा रंगमंचावरच्या बाया पदर सावरत हसत होत्या.

संगीत नाटक दुसऱ्यांदा उठलं ते साठीच्या दशकात, आणि या वेळी त्यात विदर्भाची माणसं मोक्याच्या जागी होती. १९६४ चं ‘मत्स्यगंधा’ गोवा हिंदू असोसिएशनचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यांनी पद आटोपशीर केलं. तबकडीनं जे सक्तीनं करायला लावलं होतं ते यांनी समजून केलं. मग १९६७. त्या वर्षी जुलैत बालगंधर्व गेले आणि २४ डिसेंबरला ‘कट्यार काळजात घुसली’ आलं. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, नागपूरचे. खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे जन्मानं मूर्तिजापूरचे, म्हणजे नांदुऱ्याहून रेल्वेनं पूर्वेला गेलं तर शेगाव-अकोल्याच्या पुढचं स्टेशन गाठलं की झालं. दोन घराण्यांचं वैर, आणि गळा कोणाचा, विद्या कोणाच्या मालकीची, हाच नाटकाचा विषय. मराठी संगीत नाटकाचं जे जन्मजात दुखणं, त्यावरच कोणी तरी नाटक लिहिलं होतं.

आणि ते दुखणं ‘कट्यार’लाही झालं. वसंतरावांशिवाय खाँसाहेब कोण? पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे त्या भूमिकेत उभे राहिले, म्हणजे उत्तर पुन्हा घराण्यातूनच आलं. २०१५ मध्ये सुबोध भाव्यांनी त्यावर चित्रपट केला. तो आला तेव्हा मलकापूर-खामगावकडची पोरं, ज्यांनी जन्मात नाट्यसंगीत ऐकलं नव्हतं, ती मोबाइलच्या रिंगटोनला त्यातली गाणी लावून फिरत होती. तबकडी तीन मिनिटांची होती, रिंगटोन तीस सेकंदांची. पद आणखी हलकं झालं, आणखी लांब गेलं.

मघाचे जॉन गे इथं एकदा पुन्हा भेटतात. त्यांच्या भिकाऱ्यांच्या ऑपेरावरून ब्रेख्टनं १९२८ मध्ये बर्लिनला ‘थ्रीपेनी ऑपेरा’ केलं, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. जब्बार पटेलांनी तो थिएटर अकादमीतर्फे बसवला. लंडन, बर्लिन, पुणे, अडीचशे वर्षं. नावात तमाशा शब्द घालून पुलंनी ती दोन फडताळं निदान एका रात्रीपुरती एक केली. त्याच संस्थेचं ‘घाशीराम कोतवाल’ १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेलं. त्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची रांग माणसांची भिंत बनून उभी राहते. तिला ना अमक्याचा गळा लागतो ना तमक्याचा. विशिष्ट गळ्यावाचून परमुलखात जाता येतं, हे मराठी नाटकाला तेव्हा कळलं.

२०१७ च्या डिसेंबरात प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आलं. तुकोबांची आवली, तिच्या पायात रुतलेला काटा, आणि तिच्या घरी राबायला आलेली रखुमाई. दोनच बाया, आणि अभंगाच्या अंगाचं गाणं. कीर्तनातून निघालेली चाल एकशे सदतीस वर्षं रंगमंचावर, तबकडीवर, रेडिओत, पडद्यावर हिंडून पुन्हा तुकोबांच्या दारात येऊन बसली होती. वडनेरच्या देवळात हे तिनं आधीच केलं होतं, पण तिथं परीक्षण लिहायला कोणी बसलेलं नव्हतं.

परवा काकड्यानंतर एका पोरानं बुवांना मोबाइलवर ‘सौभद्र’चं ते मूळ पद लावून दाखवलं. कुणा जुन्या गायिकेचा आवाज, मागे ऑर्गन, तबकडीची खरखर. बुवांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ‘चांगलं म्हनते बाई. पन अंतऱ्यात थोडी चुकते.’

आणि पेटीवाल्याला सांगून त्यांनी आपला अंतरा पुन्हा म्हटला.